तीन भाकरींची गत

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही.

अमरावतीत त्या आठवड्यात मी अकरा घरं पालथी घातली होती. सगळीकडे क्रम ठरलेला. आधी नाव, मग आडनाव, मग गाव, आणि मग "अरेरे, खोली कालच गेली की हो." आमच्या घरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लागून फार वर्षं झाली नव्हती, पण घरमालकांना ती माझ्या कपाळावरच टांगलेली दिसत असावी. बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नवी नोकरी लागलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि मुक्काम वेटिंग रूममध्ये.

बाराव्या घराच्या ओसरीवर पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस मांडीवर गिटार आडवी घेऊन बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं,

"सकायी उठल्यावर गुनगुनता काय?"

"नाई जी."

"आन् आंघोय करताना?"

"नाई."

"मंग घेऊन या सामान."

आडनाव त्यांना महिन्याभरानं कळलं, माझ्या वडिलांचं पोस्टकार्ड त्यांच्या हातात पडलं तेव्हा. "बापाचं अक्षर चांगलं हाय तुह्या," एवढंच म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं. त्या माणसाच्या घरी मी चार वर्षं राहिलो आणि त्यातली बरीचशी तोंड मिटून आंघोळ केली. कारण त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. डोक्यावर पहिला तांब्या पडला की मला गाणं फुटत असे.

स्टेशनात ते तारबाबू होते. मी त्यांना बाबूजी म्हणायचो. बाकी सगळं बडनेरा त्यांना 'जपानी' म्हणायचं. जन्म हिवरखेडचा, भाऊबंद अजून तिथेच शेती करणारे, आणि माणूस जपानी! त्याचं कारण ती गिटार. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या एका मित्रानं ती त्यांना आणून दिली होती आणि तिच्या पाठीवर जपानी अक्षरांचा शिक्का होता. ती विजेवर चालणारी होती. बाबूजींनी तिची वायर एका जुन्या रेडिओच्या पोटात खुपसली होती. त्यामुळे तो रेडिओ बातम्या कधीच द्यायचा नाही, फक्त गिटार वाजवायचा. डाव्या हातात रेल्वेच्या फिटरनं घडवून दिलेली पोलादाची कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. कांडी तारांवरून घसरली की गल्लीतल्या म्हशी माना वर करायच्या.

त्यांना गाणं म्हणजे शब्दांचं गाणं मुळीच खपत नसे. शेजारी रेडिओवर कोणी गायला लागलं की हे उठून खिडकी लावून घेत. मी एकदा धीर करून विचारलं, "बाबूजी, शब्दाइवर एवढा राग काहून?"

"दिवसभर लोकाइचे शब्दच मोजतो ना मी! घरी आल्यावर बी तेच मोजू काय?"

आणि मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तार करायला आलेला माणूस कागदावर रामायण लिहून आणायचा. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून बाबूजी पेन्सिल घेऊन सपासप कापायचे. एकदा एक गृहस्थ नागपूरला शिकणाऱ्या मुलासाठी भलामोठा मजकूर घेऊन आले: आईची तब्येत जरा बरी नाही, काळजीचं कारण नाही, अभ्यास महत्त्वाचा, तरी जमल्यास येऊन जावे, न जमल्यास हरकत नाही. बाबूजींनी तो वाचला, सगळ्यावर काट मारली आणि खाली लिहिलं, "आई आठवण काढते. ये." मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला हजर. वडील त्याला घेऊन तारेच्या खिडकीशी आले आणि नुसतेच उभे राहिले. बाबूजी आतून म्हणाले, "इथी काहून उभे? घरी जा ना!"

असा कात्री चालवणारा माणूस स्वतः बांधलेल्या एका गतीवर, म्हणजे शब्दांविना वाजवायच्या रचनेवर, मात्र नऊ वर्षं काम करत होता. एका ख्रिश्चन इंजिन ड्रायव्हरकडून त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीचं विलायती चर्चमधलं संगीत कागदावरून वाचायला शिकून घेतलं होतं आणि अकोल्याच्या एका सतारियाकडून तानपलटे. दोन्ही त्यांनी असे एकत्र केले होते की सांधा कुठे आहे ते मला कधीच सापडलं नाही. सूर आधी एकेक पायरी जपून चढायचे, वर जाऊन घुटमळायचे आणि मग आपल्या तानांसारखे धावत खाली यायचे. शेवटाच्या अलीकडे एक जागा होती. तिथे ते कांडी तारांवरून उचलून घेत आणि दोन तारा नुसत्या, मोकळ्या वाजू देत. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या जागेला माझ्या हातातलं काम थांबायचं. आजही थांबतं.

त्या गतीला नाव नव्हतं. "नाव ठुलं का तो बी शब्दच झाला," असं त्यांचं म्हणणं. नाव काकूंनी ठेवलं होतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. बाबूजी ड्यूटीवरून आले की दिवेलागणीला गत वाजवायला बसत आणि त्याच वेळी चुलीवर तवा चढायचा. सात मिनिटं आणि वर थोडं, एवढ्या वेळात काकूंच्या तीन भाकरी होत. पहिली भाकर सूर जिना चढताना, दुसरी घुटमळताना, आणि मोकळ्या तारा वाजल्या की तिसरी तव्यावरून उतरायची. काकूंच्या लेखी ती 'तीन भाकरींची गत' होती. घड्याळाकडे त्यांनी कधी बघितलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

पेपरात एका रेकॉर्ड कंपनीची जाहिरात आली. नव्या वादकांना संधी. मी ती बाबूजींपुढे धरली. मला या माणसासाठी काहीतरी करायचंच होतं. छप्पर देणाऱ्याचं ऋण कसं फेडायचं हे बाविसाव्या वर्षी कळत नाही, म्हणून दिसेल ते करायला माणूस धावतो. बाबूजींनी जाहिरात दोनदा वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "लिव," ते म्हणाले. "ते जे विचारतीन ते लिव. पन एक सांगून ठेवतो, गत पुरी जाईन. एक बी सूर कमी नाई."

पत्रव्यवहार माझ्या सहीनं सुरू झाला. कंपनीनं विचारलं, वादनाला वेळ किती लागतो? खाली अट होती: तबकडीची एकच बाजू मिळेल, दुसऱ्या बाजूला दुसरा वादक, सव्वातीन मिनिटांच्या वरचं काही विचारात घेतलं जाणार नाही.

मी बराच वेळ टाक हातात धरून बसलो. सात मिनिटं लिहावं तर दार बंद. आणि दारं बंद झालेली मी पुरेशी बघितली होती. मग मनाशी म्हटलं, जो माणूस दिवसभर लोकांचे मजकूर कापतो, त्याला स्वतःची गत कापणं काय अवघड आहे? आधी बोलावणं येऊ दे, मग आपोआप कापेल. मी लिहिलं, "वेळ: तीन मिनिटे." खाली सही ठोकली आणि बाबूजींना काहीही न सांगता पत्र पेटीत टाकलं.

बोलावणं आलं. आठ महिन्यांनंतरची तारीख. त्यात वेळेची अट पुन्हा लिहिलेली होती, म्हणून मी सगळं कंपनीच्या गळ्यात घातलं. "बाबूजी, ते तीन मिनिटांच्या वर घेतच नाईत. थोडी कापा ना. तुमी तर तारा कापता."

त्यांनी बोलावण्याचं पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "तार कापली तर मानूस घरी पोचते. राह्यलेलं तोंडानं बोलून घेते. याच्यातलं कापलं ते कोन बोलून घेईन?"

दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते स्टेशनातल्या गार्डाचं खिशातलं घड्याळ मागून घेऊनच. घड्याळ पाटावर ठेवलं, गिटार मांडीवर घेतली आणि तीच गत, तेवढेच सूर, जरा घाईनं वाजवले. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस कापणार नाही. हा पळणार आहे.

आठ महिने ते पळत होते. सहा मिनिटं, साडेपाच, पाच. बोटांची टोकं फुटली, त्यांवर हळद आली, हळदीवर चिंधी आली. स्टेशनात तारेच्या बटणावरही हात तसाच पळायला लागला. मूर्तिजापूरच्या तारबाबूनं एकदा उलट तार केली, "हळू. मी म्हातारा आहे." घरात काकूंचे हाल निराळे. पहिल्या महिन्यात तिसरी भाकर कच्ची उतरायला लागली. पुढे दुसरीही. "आता दीड भाकरीतच आटपते ह्यायचं," काकू माझ्या ताटात कच्ची भाकर टाकत म्हणाल्या. "घाई कायची हाय, ते तरी सांगा! गाडी सुटून राहिली काय?" मी खाली मान घालून भाकर खाल्ली. आपण लिहिलेला एक आकडा या घराच्या तव्यापर्यंत पोचला, हे मला एकट्यालाच माहीत आहे असं मी समजत होतो.

मुंबईला मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. त्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. काचेपलीकडच्या माणसानं हात वर करून खाली आणला आणि बाबूजी सुटले. मी घड्याळावर डोळे ठेवून उभा होतो, म्हणून त्यांचा चेहरा बघितलाच नाही. तीन मिनिटं आणि दहा सेकंद. एकही सूर गळाला नव्हता. मोकळ्या तारांची जागासुद्धा होती, पण ती डोळा लवेपर्यंत येऊन गेली. काचेपलीकडचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "असं मी कधी ऐकलं नाही." ते कौतुक होतं की तक्रार, कोण जाणे. बाबूजींनी गिटार पोत्यात गुंडाळली आणि म्हणाले, "झालं. चाल, गाडी पकडू."

रेकॉर्ड आली त्या दिवशी स्टेशनातली मंडळी ओसरीवर जमली. कोणीतरी चावीचा ग्रामोफोन आणला. सुई टेकली आणि पहिल्या मिनिटातच लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं चावी जास्त झाली. कोणी म्हणालं भोंग्यात भुंगा अडकला. मग एकजण हसला आणि त्याच्या मागून सगळे. हसण्यात वाईट कोणाच्या मनात काही नव्हतं. उलटी बाजू लावली, तिच्यावर कोणीतरी माउथ ऑर्गनवर सिनेमातलं गाणं वाजवलं होतं. ती सगळ्यांना आवडली, तीनदा ऐकली.

बाबूजीही थोडंसं हसले. माणसं गेल्यावर मला म्हणाले, "पुरी तर हाय ना आतमंदी. कोनाले ऐकू नाई आली, ते येगळं." त्यांनी रेकॉर्ड ट्रंकेवर ठेवली. गिटार खुंटीला लावली ती तिथेच राहिली. दिवेलागणीला आता नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. काकू अंदाजानं भाजायच्या आणि त्यांचा अंदाज रोज चुकायचा.

पुढच्या सहा महिन्यांत मी त्यांना दहा वेळा खरं सांगायला गेलो आणि दहा वेळा पाणी पिऊन परत आलो. नऊ वर्षांची गत माझ्या एका शब्दानं मारली होती. आणि मी त्यांच्याच छपराखाली झोपत होतो.

मग एका रविवारी मी अकोल्याला मामाकडे गेलो. जठारपेठेत एक चहाचं हॉटेल होतं, तिथे रेकॉर्ड वाजवायचं नवं मशीन आलं होतं. एका काट्यावर मिनिटाला सोळा फेऱ्यांपासून अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांपर्यंत चार वेग बसवता येणारं. मी चहा घेत होतो आणि मशीनवर काहीतरी वाजत होतं. खोल, जड, संथ. सारंगी नव्हे, वीणाही नव्हे. भरदार गळ्याचा एखादा माणूस शब्द न उच्चारता काही सांगत बसावा, तसं. मला वाटलं, कोणीतरी मोठा उस्ताद असेल. आणि मग दोन तारा मोकळ्या वाजल्या.

कपातला चहा माझ्या शर्टवर सांडला.

मी गल्ल्याकडे धावलो. "हे जपानीची रेकॉर्ड हाय काय?"

"जपानी का बंगाली, मले मालूम नाई," मालक म्हणाले. "मुंबईहून गठ्ठ्यात आली. पयले लावली त भलतीच पयत होती. म्या म्हटलं काटा चुकला. मंग काटा पार खाली, तेहतीसवर आनला, तवा कुठी बरोबर लागली."

"अवो, ते अठ्ठ्याहत्तरचीच हाय! तुमी चुकीची लावून राहिले!"

मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "चुकीची? लोकं रोज फर्माईश करून राहिले. ते कोपऱ्यातले वकील पाहा. कोर्टातून येतात, हे ऐकतात, मंगच घरी जातात."

मी पुन्हा लावायला सांगितली आणि घड्याळ बघितलं. सात मिनिटं आणि वर थोडं.

तरी बाबूजींना सांगायला मला पंधरा दिवस लागले. सुराच्या बाबतीत ते फार कडक होते, आणि इथे तर सगळे सूर सप्तकापेक्षाही जास्त खाली उतरलेले. हे ऐकून त्यांना अपमान वाटला तर? शेवटी मी काकूंना गाठलं. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी जाऊ. ह्यायले मी आनतो, तू तिकिटं काढ."

काकू हॉटेलात आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. बायामाणसांसाठी पडद्याआड एक फॅमिली रूम होती, तिथे त्या बसल्या. बाबूजी बाहेर बाकावर, माझ्यासमोर. कपाळाला आठ्या घालून सिनेमाची गाणी सोसत होते. मी मालकांना खूण केली. त्यांनी सुई पालटली, काटा खाली ओढला आणि रेकॉर्ड लावली.

पहिले काही सूर गेले तरी बाबूजींना कळलं नाही. मग त्यांचा डावा हात टेबलावर आला आणि कांडी धरल्यासारखा हलायला लागला. हॉटेलातली माणसं कप खाली ठेवून ऐकत होती. कोपऱ्यातल्या वकिलांनी चष्मा काढून डोळे मिटले होते. सूर जिना चढले, वर घुटमळले, खाली आले, आणि मोकळ्या तारांना टेबलावरचा तो हात वर उचलला गेला आणि तसाच थांबला. मला त्यांच्याकडे बघवेना. संपूर्ण गत झाली. सुई नुसती खरखरत राहिली.

पडद्याआडून काकूंचा खणखणीत आवाज आला, "तीन भाकरी! बराबर तीन!"

सगळं हॉटेल दचकलं. बाबूजी हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "एक बी नाई गयाला," ते म्हणाले. "पाह्यलं? एक बी नाई." आणि मालकांना म्हणाले, "आनखी एक डाव लावा जी."

दुसऱ्यांदा ऐकून झाली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबूजी, एक सांगायचं हाय. कंपनीनं नुसती अट घातली होती. गत तीन मिनिटाची हाय, हे म्या लिवलं होतं पत्रात. तुमाले न इचारता."

"मालूम हाय."

"कधीपासून?"

"कंपनीचं पत्र मीच पयले वाचलं ना. तुमी कयवल्याप्रमाने तीन मिनिटं, असं साफ लिवलं होतं त्याच्यात."

म्हणजे गार्डाचं घड्याळ मागून आणलं त्याच्याही आधीपासून. बोटं फुटण्याच्या आधीपासून. मी विचारलं, "मंग बोलले काहून नाई? म्या दुसरं पत्र टाकलं असतं. खोटं लिवलं म्हनून माफी मागितली असती."

बाबूजींनी बशीतला चहा संपवला. "तू धाडलेल्या पत्राखाली तुह्यी सही होती," ते म्हणाले. "नवा पोरगा, नवी नोकरी, नवी सही. माह्या घरातून गेलेली. ते खोटी कशी पडू देऊ?"

ज्या नावामुळे अकरा दारं माझ्या तोंडावर लागली होती, त्या नावाची सही खरी करायला हा माणूस आठ महिने रक्ताळलेल्या बोटांनी पळत होता. मी तिथेच, भर हॉटेलात रडलो. मालकांना वाटलं रेकॉर्डमुळे. त्यांनी तिसऱ्यांदा लावली.

"आन् आंघोयीतलं बी मालूम हाय," उठताना बाबूजी म्हणाले. "पयल्या दिवशी इसरून गात होता तू. उद्यापासून गा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गिटार खुंटीवरून उतरली आणि काकूंच्या भाकरी पुन्हा नीट भाजल्या जाऊ लागल्या.

ते दोघेही आता नाहीत. रेकॉर्ड माझ्याकडे आहे. अमरावतीला मी घर बांधलं, त्यात रस्त्याकडेची एक खोली मुद्दाम भाड्यानं देण्यासाठी काढली. मागे एक तरुण मुलगा ती बघायला आला. दारातच घाईघाईनं आपलं नाव सांगायला लागला, पुढचे प्रश्न पाठ असल्यासारखा. मी त्याला मधेच थांबवलं आणि विचारलं,

"आंघोळ करताना गाता का?"

तो गोंधळला. माझ्याकडे बघून उत्तर काय द्यावं याचा अंदाज घ्यायला लागला. शेवटी म्हणाला, "नाई जी."

"गात जा," मी म्हटलं, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.